काळाचे भय आणि काळाचा स्वामी

भगवान श्रीकृष्णांचा अवतार झाला तो श्रावण वद्य अष्टमीला, मध्यरात्री, बंदिशाळेत. प्रभु श्रीरामचंद्र अवतरले ते चैत्र शुद्ध नवमीला. असे असून कावेरीतीरच्या तंजावरात, किंबहुना सर्व तमिळ देशात, अष्टमी व नवमी या दोन तिथींना शुभकार्याचा आरंभ करीत नाहीत. ज्या गोकुळाष्टमीला तेथील गृहिणी तांदळाच्या पिठाने उंबरठ्यापासून देवघरापर्यंत बाळकृष्णाची इवली पावले रेखाटतात, तीच अष्टमी इतर पंधरवड्यांत आली की घरची मंडळी नवे काम पुढे ढकलतात. तिकडे एक लोककथाही सांगतात. लोकांनी टाकलेल्या या दोन तिथी रडत श्रीविष्णूंकडे गेल्या. तेव्हा भगवंतांनी वचन दिले, "मी स्वतःच तुमच्या दिवशी जन्म घेईन." कथा गोड आहे, पण तिचा बोध किती जणांनी घेतला?

तंजावरात व्यंकोजीराजांनी इ. स. १६७५ च्या सुमारास भोसल्यांची सत्ता स्थापिली. १८५५ साली ते राज्य खालसा झाले, तरी त्या काळी तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज अद्याप तेथे नांदत आहेत. अशा घरात शुभाशुभाचा प्रश्न फार मौजेचा होतो. महाराष्ट्रात अमावास्येला नवे काम काढू नये असा समज. तर तमिळ देशात अमावास्या हा भरलेला, शुभ दिवस मानून त्या दिवशी नवे काम आवर्जून आरंभितात. चंद्र एक, तिथी एक. मग कावेरीकाठी शुभ असलेली अमावास्या गोदाकाठी अशुभ कशी व्हावी? आणि गोदाकाठीही आश्विन अमावास्येला लक्ष्मीपूजन होऊन व्यापारी नव्या वह्या पूजितातच की!

अंकांचेही तसेच. पाश्चात्त्य देशांत तेरा हा अंक अशुभ मानितात आणि ते भय आता आपल्याकडेही आले आहे. परंतु तेरावी तिथी त्रयोदशी ही प्रदोषाची, शिवपूजनाची. राजराज चोळाने बांधविलेल्या व इ. स. १०१० मध्ये पूर्ण झालेल्या बृहदीश्वर मंदिरात प्रदोषकाळी विशाल नंदीला अभिषेक होतो आणि तो पाहण्यास लोकांची दाटी होते. आठ हा शनीचा अंक म्हणून कित्येक लोक त्याला भितात. पण गीतेच्या सातव्या अध्यायात (श्लोक ४) भगवंत आपली प्रकृतीच अष्टधा सांगतात: पृथ्वी, जल, अग्नी, वायू, आकाश, मन, बुद्धी व अहंकार. आठाला भिऊन मनुष्य जाणार कोठे? त्याचा देह व मन त्या आठांचेच बनले आहे.

शिवाय दिवसाचा अंक तरी कोणता धरावा? तंजावरच्या मराठी घरात एकाच सूर्योदयाला तीन अंक लाभतात: मराठी पंचांगाची चांद्र तिथी, तमिळ सौर महिन्याचा दिवस आणि इंग्रजी तारीख. सूर्याला यांपैकी एकही ठाऊक नाही. तिथी म्हणजे सूर्यापासून चंद्राचे बारा अंशांचे अंतर. ते माप आहे, शाप नव्हे.

राहुकाळाची गोष्ट आणखी बोधप्रद आहे. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे आठ समभाग करावयाचे. त्यांतील एक भाग राहूचा. सूर्योदय सहाला धरल्यास सोमवारी तो साडेसातपासून नऊपर्यंत, शुक्रवारी साडेदहापासून बारापर्यंत, रविवारी साडेचारपासून सहापर्यंत येतो. त्या दीड तासात कोणी नव्या घरात पाऊल टाकीत नाही. परंतु त्याच राहुकाळी, विशेषतः मंगळवारी व शुक्रवारी, सुवासिनी लिंबाच्या वाटीत दिवा लावून दुर्गादेवीची पूजा करितात. अर्थात् तो काळ भक्तीला बाधत नाही, भयालाच बाधतो.

येथे कोणी विचारील, "ज्योतिष हे वेदांग आहे. मुहूर्त शास्त्रातच सांगितले आहेत. शिवाय गीतेच्या आठव्या अध्यायात उत्तरायण-दक्षिणायनाचा भेद आहेच ना?" शंका योग्य आहे. तो भेद तेथे आहे खरा (८।२४-२५). तथापि लगेच सत्ताविसाव्या श्लोकात भगवंत सांगतात की, हे दोन्ही मार्ग जाणणारा योगी मोहात पडत नाही, म्हणून अर्जुना, तू सर्व काळी योगयुक्त हो. त्याआधी सातव्या श्लोकातही सर्व काळी आपले स्मरण करण्याची व युद्ध करण्याची आज्ञा आहे. काही विशिष्ट घटिका सोडून, असे तेथे म्हटलेले नाही. अठराव्या अध्यायात (श्लोक १४) कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा आणि दैव. दैवाला स्थान आहे, पण ते पाचवे. उरलेली चार सोडून जो केवळ पाचव्याचीच चिंता वाहतो, त्याचा हिशेब चुकला.

म्हणून काळाविषयी आदर व काळाचे भय यांत विवेक केला पाहिजे. एकादशीला उपवास, विवाहाला सुमुहूर्त, निधनतिथीला श्राद्ध, हा आदर होय. श्राद्धाची तिथी तर अष्टमी असो वा नवमी, कोणी बदलीत नाही. परंतु समजा, शुक्रवारी सकाळी साडेदहाला घरातील वृद्ध मातेच्या छातीत कळ आली, गाडी दाराशी उभी आहे आणि कोणी म्हणाले, "आता राहुकाळ लागला, बारा वाजू द्या." हृदयविकारात एकेक क्षण मोलाचा असतो, रक्त न पोहोचलेला हृदयाचा भाग मरत जातो. तेथे थांबणे हा धर्म नव्हे, मातृसेवेचा त्याग होय. तसेच नवमीला जन्मलेली सून घरात आल्यावर धंद्यात खोट आली, म्हणून तिला पांढऱ्या पायाची म्हणणे हे एका निरपराध जीवाला जन्मभर दुखविणे आहे. ज्या घरात रामनवमीचा पाळणा हलतो, त्या घराला हे शोभते काय?

हे भय टिकते कसे? फळलेला अपशकुन मनुष्य लक्षात ठेवितो, न फळलेले शंभर विसरतो. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांच्या काळी नेत्ररोग्यांच्या उपचारांची नोंद डोळ्यांच्या चित्रांसह ठेवीत असत. राजांनी ज्योतिषाच्या पोथ्याही जपल्या आणि निरीक्षणही जपले. गृहस्थाने आपल्या भयाची अशीच प्रामाणिक नोंद वर्षभर ठेवून पाहावी. ते किती वेळा खरे ठरले व किती वेळा खोटे, हे त्याचे त्यालाच कळेल.

साधकाने इतके करावे. कर्तव्य समोर उभे असता प्रथम कर्तव्य करावे. रोगी, अतिथी, ऋणफेड व दिलेला शब्द यांना मुहूर्त लावू नये. तिथीवरून वा अंकावरून कोणाही मनुष्याला अशुभ म्हणू नये. आणि मन फारच कचरले तर भगवन्नाम घेऊन पाऊल उचलावे. दहाव्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे की गणना करणाऱ्यांत काळ मी आहे (१०।३०), आणि अक्षय काळही मीच आहे (१०।३३). सर्व घटिका ज्याच्या आहेत, त्याच्या भक्ताला कोणती घटिका परकी?