बंदीच्या आधी हातात आलेला पैसा : कॉइन, प्लॉट की नागपूर?



१६ जूनला जाळी वर जातात आणि १५ ऑगस्टपर्यंत वरच राहतात. त्याआधीच्या उन्हाळ्यात पाणी उतरतं, मासा चांगला सापडतो आणि वर्षातला सगळ्यात मोठा पैसा हाती येतो. नेमका तेव्हाच कुणी ना कुणी भेटतो. एक मोबाईलवर कॉइनचा आलेख दाखवतो, दुसरा प्लॉटचं पत्रक देतो, तिसरा नागपूरहून सुट्टीवर येतो आणि म्हणतो, "अजून पाण्यातच हात घालून बसला का?"

मागच्या उन्हाळ्यात आपल्या एका सभासदाच्या घरी हाच प्रश्न पडला. नाव सांगत नाही, पण घरच्यांच्या परवानगीनं हिशेब सांगतो. घरात आई, दोन भाऊ, धाकट्याची बायको, दोन लेकरं. एक डोंगा. दोन-अडीच वर्षांत साठलेले ३,८०,००० रुपये. मोठ्याला क्रिप्टो घ्यायचं होतं. आईला पांढुर्ण्यात प्लॉट पाहिजे होता. धाकटी सून म्हणे, नागपूरला खोली घेऊ, लेकरं शिकतील. तिघांचंही म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून भांडण मिटेना. शेवटी आईनंच आम्हाला बोलावलं. "बाप्पा, तुम्ही वही घेऊन या," म्हणाली.

वही घेऊन गेलो. पहिला प्रश्न आम्ही कॉइनचा नाही, प्लॉटचाही नाही विचारला. विचारलं, यातला बचतीचा पैसा किती आहे?

सगळे म्हणाले, तीन लाख ऐंशी. मग लिहायला बसलो. बंदीच्या दोन महिन्यांचा घरखर्च ३०,०००. पाऊस लागल्यावर बोटुकली सोडायची असते, त्यात या घराचा वाटा ४५,०००. जाळी आणि डोंग्याची दुरुस्ती ४०,०००. पट्ट्याच्या रकमेतला वाटा २५,०००. दुखणं-भाणं, लग्नकार्य याला हाताशी ४०,०००. झाले १,८०,०००. म्हणजे जवळपास निम्मा पैसा बचत नव्हताच. तो पुढच्या हंगामाचा खर्च होता, फक्त आधी हातात आला होता. आपल्या बहुतेक घरांत हीच चूक होते. शेतकरी बियाण्याचं धान्य बाजूला काढतो. आपण बोटुकलीचा पैसा बाजूला काढत नाही, कारण तो खात्यात एकाच ढिगात पडलेला असतो.

राहिले दोन लाख. मग आम्ही विचारलं, "व्यापाऱ्याची उचल किती?"

थोडा वेळ कुणी बोललं नाही. आई म्हणाली, "साठ हजार. पण तो व्याज नाही घेत."

हे वाक्य आम्ही गावोगाव ऐकतो. उचल घेतली की मासा त्यालाच द्यायचा, आणि भाव तो सांगेल तो. या घराला बाजारापेक्षा किलोमागं सरासरी १५ रुपये कमी मिळत होते. वर्षाचा मासा धरला २० क्विंटल, म्हणजे २,००० किलो. गुणिले १५. तीस हजार रुपये. साठ हजाराच्या उचलीवर वर्षाला तीस हजार, म्हणजे शेकडा पन्नास! आणि मूळ साठ हजार तसेच उभे. मोठा पोरगा मोबाईलवर पुन्हा गुणाकार करून पाहू लागला. उत्तर तेच आलं.

म्हणून आम्ही म्हणालो, पहिली गुंतवणूक ही. उचल फेडली की वर्षाला तीस हजार वाचतात. या साठ हजारावर एवढी खात्रीची कमाई कुठला कॉइन देत नाही, कुठला प्लॉट देत नाही. तुमचा भावफरक दहा असेल, पाच असेल, मासा कमी असेल. आपापल्या घरी गुणाकार करून पाहा. पण केल्याशिवाय राहू नका.

"मग बंदीत गरज पडली तर पुन्हा त्याच्याच दारी जायचं का?" सुनेनं बरोबर विचारलं. त्यासाठी मच्छीमारांना किसान क्रेडिट कार्ड आहे, ते फक्त शेतकऱ्यांचं नाही. २०१८-१९ पासून मत्स्यव्यवसायालाही मिळतं. व्याज ७ टक्के, वेळेवर फेडलं तर ३ टक्क्यांची सूट, म्हणजे ४ टक्के पडतं. जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंत तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कागद जमवायला त्रास होतो, दोन-चार चकरा होतात, हे खरं. आणि बचत-सह-राहत योजना विसरू नका. पात्र सभासदानं १,५०० भरले की सरकारचे ३,००० मिळून ४,५०० रुपये बंदीच्या काळात हप्त्यानं परत येतात. रक्कम लहान आहे, पण पंधराशेचे पंचेचाळीसशे होतात. मोठ्याला आम्ही म्हटलं, तुझा कॉइन एवढं लिहून देते का?

आता उरले १,४०,०००. यावर मात्र तिघांचंही ऐकायचं होतं.

आधी क्रिप्टो. पोराला आम्ही मूर्ख म्हटलं नाही, तुम्हीही म्हणू नका. नोव्हेंबर २०२१ मध्ये एक बिटकॉइन ६९ हजार डॉलरच्या आसपास होता. वर्षभरात तो १६ हजारांच्या घरात आला. डिसेंबर २०२४ मध्ये त्यानंच १ लाख डॉलर ओलांडले. ज्याला तीन वर्षं पैसा लागला नाही तो कमावून बसला. ज्याला मधेच जाळं घ्यायचं होतं, त्याच्या लाखाचे पंचवीस हजारही राहिले नाहीत. कॉइन एकच, भाव एकच. फरक एवढाच की मधल्या काळात कुणाला पैशाची गरज पडली.

दुसरी गोष्ट कराची. आपल्यापैकी बहुतेकांना आयकर लागत नाही, म्हणून इकडे लक्ष जात नाही. पण १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरळ ३० टक्के कर आहे, वर उपकर. बाकी उत्पन्न कमी आहे म्हणून सूट नाही. एका कॉइनात २०,००० कमावले आणि दुसऱ्यात २०,००० गमावले, तर हातात शून्य, पण कर सहा हजारांवर. तोटा वजा करायची सोयच कायद्यात नाही.

तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यात जास्त लागली. वझीरएक्स हे देशातलं मोठं क्रिप्टो बाजारपीठ. १८ जुलै २०२४ ला तिथून सुमारे २,००० कोटी रुपयांचे कॉइन चोरीला गेले आणि ग्राहकांचे पैसे अडकले. पुन्हा व्यवहार सुरू झाले ते ऑक्टोबर २०२५ मध्ये. या तारखा आपल्या पंचांगावर ठेवून पाहा. जुलै म्हणजे बंदीचा ऐन मध्य, बोटुकली सोडायचा काळ. तिथं बोटुकलीचा पैसा ठेवणाऱ्याचा २०२४ चा हंगाम गेला आणि २०२५ चाही. चोरी कुणाच्या चुकीनं झाली हा वेगळा विषय. तलाव रिकामा राहिला तो आपला.

हे झालं खऱ्या क्रिप्टोचं. आपल्या भागात येतं ते बरेचदा क्रिप्टोच्या नावाखालचं साखळीचं काम. पुण्यात २०१८ मध्ये गाजलेलं गेनबिटकॉइन प्रकरण आठवा. दरमहा १० टक्के, १८ महिने, असं आश्वासन होतं. लोकांनी बिटकॉइन भरले, पुढे परतावा त्यांच्याच काढलेल्या दुसऱ्या टोकनात मिळू लागला, ज्याला बाहेर भाव नव्हता. प्रमुख आरोपी अमित भारद्वाज याला २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली, तो जानेवारी २०२२ मध्ये वारला, आणि २०२५ मध्येही सीबीआयचे छापे चालूच होते. आपण पिढ्यान्‌पिढ्या पाण्यातली माणसं. हजार बोटुकली सोडली तर किती जगतील हे आपण छातीठोकपणे सांगत नाही. आणि महिन्याला दहा टक्के लिहून देणाऱ्यावर विश्वास ठेवतो! फसलात तर लाजेनं गप्प बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत पैसा गोठवता आला तर आला.

आईचा प्लॉट. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर तहसील मिळून वेगळा जिल्हा झाला, तेव्हापासून "कलेक्टर ऑफिसजवळ" नसलेला प्लॉट पत्रकात दिसतच नाही. आईचं म्हणणं, "जमीन कुठं पळून नाही जात." खरं आहे. पण घाईत विकायची झाली तर गिऱ्हाईकही पळत येत नाही, आणि आलं तर आपली गरज ओळखून भाव पाडतं, उचलवाल्यासारखंच. १,४०,००० मध्ये पूर्ण प्लॉट येत नव्हता. बयाना देऊन बाकीचे हप्ते, असा सौदा होता. कागद काय, तर नोटरी केलेला करार. नोटरीच्या कागदानं मालकी येत नाही. रजिस्ट्री पाहिजे, नंतर नामांतरण पाहिजे.

आम्ही खसरा नंबर मागितला. एजंट म्हणाला, काकू, घरचे आहोत, कागदाचं काय घेऊन बसलात. घरचा असेल तर खसरा द्यायला काय हरकत? खसऱ्यावरून तीन गोष्टी कळतात : जमीन कुणाच्या नावे आहे, शेतीचीच आहे की डायव्हर्शन झालं आहे, आणि बँकेचा बोजा आहे का. आपल्याकडे चौथीही पाहावी लागते. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर मध्यप्रदेश भू-राजस्व संहिता १९५९ च्या कलम १६५ प्रमाणे कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती बिगर-आदिवासीला विकता येत नाही. असा सौदा पुढे रद्द होतो आणि पैसा देणारा कोर्टाच्या चकरा मारतो. शिवाय ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा किंवा आठपेक्षा जास्त प्लॉटचा लेआउट असेल तर रेराची नोंदणी लागते. नंबर मागा, भोपाळच्या रेराच्या संकेतस्थळावर पाहा. नागपूरकडे घेत असाल तर कागदांची नावं बदलतात, तिथं सातबारा आणि अकृषक आदेश. विचारायचं मात्र तेच.

राहिली सून. तिच्या बोलण्यात आम्हाला सगळ्यात जास्त दम वाटला, कारण ती पैशाचं नाही, लेकरांचं बोलत होती. सौंसरहून नागपूर जवळच, भाषा आपलीच, अर्धे सोयरे तिकडचेच. पण १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली तेव्हा आपण इकडे राहिलो, आणि ती रेष कागदावर आजही आडवी येते. भोई समाज महाराष्ट्रात भटक्या जमाती 'ब' मध्ये आहे, मध्यप्रदेशात ओबीसीत. इथलं जात प्रमाणपत्र घेऊन गेलेल्याला महाराष्ट्राच्या राखीव जागेत प्रवेश किंवा राज्याची नोकरी मागता येत नाही. लेकरांच्या शिक्षणासाठी जाणाऱ्यानं हे आधी माहीत करून घ्यावं. लाडली बहनाचा हप्ता इथल्या रहिवासी बहिणींसाठी आहे. रेशन मात्र नागपुरातही उचलता येतं, एक देश एक रेशनकार्डमुळे. आणि पूर्ण घरच उठलं तर संस्थेचं सभासदत्व आणि पट्ट्यातला वाटा यांचं काय होईल, हे उपविधी वाचून ठरवावं लागेल. खोली पुन्हा भाड्यानं मिळते. पट्टा दहा वर्षांचा असतो, सुटला तर सुटला.

रात्री साडेअकरापर्यंत बसलो होतो. मोठी वादावादी झाली, मोठा मधेच उठून बाहेर गेला, परतही आला. शेवटी ठरलं ते असं. उचल फेडायची. १,८०,००० वेगळ्या खात्यात, एटीएम आईजवळ. उरलेल्यातले एक लाख पोस्टात एक वर्षाच्या मुदत ठेवीत. तिथं व्याज सात टक्क्यांच्या आसपास मिळतं, पण पैसा कुठं जात नाही. (एका पतसंस्थेत जास्त टक्के होते. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेला तो नाही. बँक म्हटलं तरी डोळे मिटायचे नाहीत. २००२ मध्ये नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे शंभर कोटींहून जास्त रुपये होम ट्रेडच्या रोखे व्यवहारात बुडाले, तेव्हा रांगेत उभे होते ते शेतकरीच.) धाकट्यानं बंदीचे दोन महिने एकट्यानं नागपूरला काम करून पाहायचं, खोलीला ३०,०००. आणि मोठ्याला १०,०००, गेले तर रडायचं नाही या बोलीवर. आम्हाला हे शेवटचं पटलं नव्हतं. आई म्हणाली, "पोट्ट्याचं मन राहू द्या."

उचल फेडायला आई स्वतः गेली. व्यापारी म्हणाला, "काऊन काकू, रागावल्या का?" "नाही भाऊ, मासा तुम्हालाच देतो. फक्त भाव रोज विचारून देतो." त्या हंगामात किलोमागं पंधरा नाही, पण अकरा-बारा रुपये जास्त मिळाले. धाकटा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच परत आला. काम मिळालं होतं, पण बोटुकलीच्या वेळी त्याला राहवेना. सून अजून नागपूरचंच म्हणते, आणि मोठ्या लेकराच्या दहावीनंतर पुन्हा बसायचं ठरलं आहे. मोठ्याच्या दहा हजारांचं आम्ही विचारत नाही, तोही सांगत नाही. प्लॉटचं पत्रक आईनं देवाच्या फळीवर ठेवलंय. मागच्या बैठकीला येऊन तिनं आमच्या हातात एक चिठ्ठी दिली. दुसऱ्या एका प्लॉटचा खसरा नंबर होता.

या महिन्याच्या बैठकीला येताना पासबुक, उचलीचा हिशेब आणि मागच्या हंगामाच्या मासा-विक्रीच्या पावत्या घेऊन या. पावत्या नसतील तर आठवेल तेवढं कागदावर लिहून आणा. बायकांनी नक्की यावं, घरचा खर्च त्यांनाच माहीत असतो.