वादकाचे बोट ऐकेनासे होते तेव्हा : फोकल डिस्टोनिया व हालचालींचे पुनर्शिक्षण

गिरगाव ते लालबाग या पट्ट्यात व्यवसाय करणाऱ्या वैद्यांकडे वादक रुग्ण येतच असतात. साहित्य संघ मंदिरात नाट्यसंगीताची साथ करणारे, दादरच्या घराघरांतून तबला-पेटीचे वर्ग घेणारे, लालबाग-परळच्या बेंजो पार्ट्यांतून वाजविणारे, भजनी मंडळांतील पखवाजी या सर्वांचे पोट अक्षरशः हातावर असते. अशा वादकाचे एखादे बोट वाजविताना आपोआप आत वळू लागले तर तो प्रथम औषधाच्या दुकानात जाऊन महानारायण तेलाची बाटली मागतो आणि मग आपल्याकडे येतो. या दोन्ही ठिकाणी वेळीच योग्य सल्ला मिळाला नाही, तर त्याची उमेदीची वर्षे वाया जातात. म्हणून या विकाराचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लक्षणे

रुग्ण सांगतो, "बोट ऐकत नाही." वेदना बहुधा नसते, सूज नसते, बळही कमी झालेले नसते. पेटीवाल्याची अनामिका व करंगळी द्रुत तानेच्या वेळी तळव्याकडे वळतात. तबलजीचे बोट 'तिरकिट' किंवा 'धिरधिर' वाजविताना अडते अथवा ताठ होते. मात्र त्याच हाताने तो जेवतो, शर्टाची बटणे लावतो, मोटारसायकल चालवितो आणि तेथे काहीही बिघाड दिसत नाही. विशिष्ट क्रियेपुरताच होणारा हा अनैच्छिक आकुंचनाचा विकार म्हणजे फोकल डिस्टोनिया. लिहिताना हात अडणे हा त्याचाच दुसरा प्रकार होय. व्यावसायिक वादकांत सुमारे शेकडा १ जणास हा विकार होतो, असे मानले जाते. तबलावादकांतील या विकाराविषयी भारतीय संशोधकांचा लेख २००४ साली 'मूव्हमेंट डिसऑर्डर्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे.

हेतू व संप्राप्ती

दोष स्नायूंत नसून मेंदूतील हालचालींच्या नियंत्रणात असतो. १९९६ साली नॅन्सी बिल व मायकेल मर्झेनिक प्रभृतींनी माकडांकडून हाताची एकच हालचाल दीर्घकाळ करवून घेतली. तेव्हा मेंदूतील हाताचा संवेदनानकाशा विस्कटल्याचे त्यांना आढळले. निरनिराळ्या बोटांच्या सीमा एकमेकींत मिसळल्या की एक बोट हलविताना शेजारचेही ओढले जाते. अर्थात, अतिसराव करणाऱ्या सर्वांस हा विकार होत नाही. आनुवंशिक प्रवृत्ती, चिंता आणि अचूकतेचा अतिरेकी ध्यास यांचाही त्यात वाटा असतो.

आपल्या परिभाषेत हा कर्माचा अतियोग व मिथ्यायोग होय आणि त्यात व्यान वायूचे गतिकर्म बिघडते, असे म्हणता येईल. चरकाच्या वातव्याधी-चिकित्सेतील खल्ली किंवा सुश्रुतोक्त विश्वाची यांच्याशी काही साम्य भासते. परंतु केवळ एकाच क्रियेत प्रकट होणे हे या विकाराचे व्यवच्छेदक लक्षण तेथे वर्णिलेले नाही. म्हणून जुने नाव चिकटविण्याची घाई करू नये.

परीक्षण

रुग्णास वाद्यासह बोलवावे, हे आमचे पहिले आग्रहाचे सांगणे आहे. नाडी, जिव्हा व हाताचे बळ पाहून हा विकार सापडत नाही, तो वाजविताना दिसतो. मुंग्या, बधिरता, स्नायूंचा क्षय, मानेतून हातात उतरणारी वेदना, विश्रांतीतील कंप यांपैकी काही आढळल्यास निदान वेगळे असण्याचा संभव आहे. वांतीवरील अथवा मानसविकारांवरील काही औषधांनीही डिस्टोनिया होतो, तेव्हा चालू औषधांची चौकशी अवश्य करावी. मज्जाविकारतज्ज्ञांचे मत घ्यावेच. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात ती सोय आहे.

चिकित्सा-विचार

अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर (१९२८-२०२०) यांचे उदाहरण बोधप्रद आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यात त्यांच्या उजव्या हाताची अनामिका व करंगळी आत वळू लागली. त्यांनी सराव वाढविला आणि विकार बळावला. पुढे सुमारे तीस वर्षे ते मुख्यतः डाव्या हाताच्या रचना वाजवीत व विद्यार्थी घडवीत राहिले. १९९० च्या दशकात खोल मर्दन व बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने यांच्या साहाय्याने ते दोन्ही हातांनी वाजवू लागले, तरी विकार समूळ गेला नाही.

यावरून स्नेहन-स्वेदनाचे स्थान ठरते. त्याने ताण उतरतो, हात हलका होतो, पण चुकीची शिकलेली हालचाल पुसली जात नाही. कपिकच्छूत लेव्होडोपा असते व कंपवातात तिचा विचार होतो. तथापि वादकांच्या डिस्टोनियात ती गुणकारी असल्याचे सिद्ध झालेले नाही. केवळ 'वाताचे औषध' म्हणून ती महिनोन्महिने देऊ नये.

मुख्य उपाय पुनर्शिक्षणाचा आहे. चरकाने सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अहितकर सवय एकदम न सोडता पादांशाने सोडावी व हितकर तशीच क्रमाने अंगीकारावी, असा मार्ग सांगितला आहे. आहार-विहारासाठी सांगितलेला हा क्रम येथे चपखल लागू पडतो.

१. विकृत हालचाल घडविणारे द्रुत वादन काही काळ पूर्ण थांबवावे. प्रत्येक चुकीच्या आवर्तनाने विकृती दृढ होते.
२. ज्या लयीत बोट वळत नाही ती लय शोधावी, मग ती कितीही विलंबित असो. त्याच लयीत दहा-पंधरा मिनिटे वाजवून विश्रांती घ्यावी.
३. काही दिवस बिघाड न झाल्यास लय किंचित वाढवावी. बोट वळताच मागील लयीवर यावे.
४. स्पर्श बदलून पाहावा. पातळ रबरी हातमोजा किंवा बोटावर चिकटपट्टी लावताच काहींचे बोट सुधारते.
५. बैठक, तबल्याचा कल व पेटीची उंची बदलून पाहावी.
६. शेजारच्या बोटांस आधारपट्टीने स्थिर ठेवून विकृत बोटाकडून काम करवून घेण्याची पद्धत १९९९ साली जर्मनीतील संशोधकांनी मांडली. ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वापरावी.

साध्यासाध्यता

व्याधी कृच्छ्रसाध्य आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या १४४ वादकांच्या पाहणीत विविध उपायांनंतर ५४ टक्के जणांनी काही सुधारणा झाल्याचे सांगितले. पूर्ववत होणारे थोडेच असतात आणि पुनर्शिक्षणास महिने नव्हे, वर्षे लागतात. रुग्णास हे आरंभीच सांगावे. गणेशोत्सवापूर्वी बरे करण्याचे आश्वासन कोणीही देऊ नये. त्या घाईतच तो पुन्हा द्रुत लयीकडे वळतो.

औषधविक्रेत्या बंधूंस विनंती अशी की, वेदना नसताना हातासाठी वारंवार तेल नेणारा वादक दिसल्यास त्यास एकच प्रश्न विचारावा : "फक्त वाजवतानाच होते का?" उत्तर होकारार्थी आल्यास दुसरी बाटली देण्यापूर्वी त्यास वैद्यांकडे पाठवावे. आणि आपण वैद्यांनी "रियाज वाढवा" हा सल्ला अशा रुग्णास चुकूनही देऊ नये.