मत्स्यपेटी माडीवर ठेवावी काय?

काचेच्या पेटीत सोनेरी मासे पोहताना पाहणे कोणाला आवडत नाही? अशी एक पेटी आपल्याही घरी असावी असे वाटते. पण घर जुने असेल आणि पेटी माडीवर ठेवायची असेल, तर घरातील वडीलधारी माणसे हटकून विचारतात, "अरे, जमीन हे ओझे पेलेल का?" हा प्रश्न मुळीच हसण्यावारी नेण्याजोगा नाही. शाळेत शिकलेली घनता आणि तरफेचा नियम एवढ्या दोन गोष्टींच्या आधारे त्याचे उत्तर बरेचसे शोधता येते.

डोळ्यांना वजन दिसत नाही

नंदुरबारची मिरचीची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. वाळलेल्या मिरचीने खच्चून भरलेले पोते आणि तेवढेच ज्वारीचे पोते शेजारी शेजारी ठेवले, तर आकार सारखा दिसतो. पण उचलायला गेल्यावर फरक कळतो. डोळ्यांना आकार दिसतो, वजन दिसत नाही. पाण्याच्या बाबतीत हीच फसगत होते. पाणी पारदर्शक असल्याने हलके वाटते. प्रत्यक्षात एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम, म्हणजे एक घनमीटर पाण्याचे वजन पुरे एक टन!

समजा, आपली पेटी १२० सें.मी. लांब, ४५ सें.मी. रुंद व ५० सें.मी. उंच आहे. तळाशी ५ सें.मी. वाळूचा थर असून पाणी तळापासून ४५ सें.मी. उंचीपर्यंत भरले आहे. काच १० मि.मी. जाडीची आहे. काचेची घनता पाण्याच्या सुमारे अडीचपट असते. आता हिशेब मांडू.

पाणी (वाळूने अडविलेली जागा वजा करून) : सुमारे २२७ कि.ग्रॅ.
वाळू : सुमारे ४३ कि.ग्रॅ.
काच : सुमारे ५५ कि.ग्रॅ.
लोखंडी घोडी : सुमारे ३५ कि.ग्रॅ.
एकूण : ३६० कि.ग्रॅ.

म्हणजे पाच-सहा धडधाकट माणसे एकमेकांना चिकटून, रात्रंदिवस एकाच जागी उभी राहावीत, तसे हे ओझे आहे.

जमिनीखाली काय दडले आहे?

नंदुरबार, शहादे, तळोदे या भागांत आज सिमेंट-काँक्रीटच्या स्लॅबची घरे सर्रास दिसतात. तरीही खान्देशातील जुन्या वळणाची लाकूड-मातीची घरे, धाब्याची घरे अनेक गावांत अजून उभी आहेत. अशा घराच्या माडीची जमीन पुढीलप्रमाणे असते : एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत ठरावीक अंतरावर लाकडाच्या कड्या टाकलेल्या असतात. कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा थर. पुढे कोणी तरी त्यावर शहाबादी फरशीही बसविलेली असते.

हे सारे ओझे कड्या आधीपासूनच वाहत असतात. मातीचा थर १० सें.मी. धरला, तर दर चौरस मीटरला सुमारे १६० कि.ग्रॅ. भरतात. त्यावर अडीच सें.मी. जाडीची फरशी घातली की आणखी सुमारे ६५ कि.ग्रॅ. वाढतात. माणसे, सामान, धान्य हे सगळे त्याच्यावर.

राहत्या घराच्या खोल्यांत माणसे व सामान यांसाठी किती भार धरावा, हे भारतीय मानक ८७५ मध्ये सांगितले आहे. १९८७ सालच्या आवृत्तीप्रमाणे हा आकडा दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० कि.ग्रॅ. इतका आहे. जुनी घरे हे मानक पाहून बांधलेली नाहीत, हे लक्षात ठेवावे. मात्र तुलनेसाठी मोजपट्टी म्हणून हा आकडा उपयोगी पडतो.

आता एक कोडे पाहा. आपली पेटी ०.५४ चौरस मीटर जागा व्यापते. म्हणजे दर चौरस मीटरला ३६० ÷ ०.५४ = सुमारे ६६७ कि.ग्रॅ. हे २०० च्या तिपटीहून जास्त झाले! एक विद्यार्थी म्हणेल, "जमीन खचणार." दुसरा म्हणेल, "खोली ३ मीटर बाय ४ मीटर आहे. बारा चौरस मीटरला २,४०० कि.ग्रॅ. भार चालतो, त्यापुढे ३६० म्हणजे काहीच नाही." दोघांचे गणित बिनचूक आहे, पण दोघांनीही कडीला विचारलेले नाही. कडी मोडते ती केवळ वजनाने नव्हे, ती वजनाच्या परिबलाने मोडते. बल गुणिले अंतर म्हणजे परिबल.

एक पेटी, दोन जागा

कड्यांचा गाळा, म्हणजे दोन भिंतींमधील अंतर, ३ मीटर आहे व दोन कड्यांमध्ये ६० सें.मी. अंतर आहे असे धरू. एका कडीच्या वाट्याला १.८ चौरस मीटर जमीन येते. २०० च्या हिशेबाने तिच्यावर ३६० कि.ग्रॅ. भार पसरतो. योगायोगाने पेटीचे वजनही तेवढेच आहे, म्हणून तुलना सोपी होईल.

प्रथम हा पसरलेला भार घेऊ. प्रत्येक भिंत १८० कि.ग्रॅ. पेलते. कडीच्या मध्यापासून भिंत १.५ मीटरवर आहे, म्हणून तिचे परिबल १८० × १.५ = २७०. उलट दिशेने अर्ध्या कडीवरील १८० कि.ग्रॅ. भार सरासरी ०.७५ मीटरवर आहे. त्याचे परिबल १३५. वजाबाकी केल्यावर कडीला वाकविणारे परिबल १३५ किलोग्रॅम-मीटर उरते. ही आपली मोजपट्टी.

पहिली जागा : पेटी खोलीच्या मधोमध, एकाच कडीवर तिच्या लांबीच्या दिशेने ठेवली. भिंतीचे परिबल पूर्वीप्रमाणेच २७०. परंतु पेटीचा अर्धा भार मध्यापासून अवघ्या ०.३ मीटरवर आहे. त्याचे परिबल केवळ ५४. बाकी उरले २१६. वजन तेच, पण वाकविणारे परिबल दीडपटीहून अधिक! शिवाय आजूबाजूच्या माणसांचा भार वेगळाच.

दुसरी जागा : पेटी भिंतीला लागून, कड्यांना आडवी, म्हणजे कड्या ज्या भिंतीत शिरतात त्या भिंतीला समांतर ठेवली. आता ती दोन कड्यांवर बसते. प्रत्येकीवर १८० कि.ग्रॅ., तेही भिंतीपासून सुमारे २५ सें.मी. अंतरावर. तरफेच्या नियमाने जवळची भिंत १६५ कि.ग्रॅ. उचलते आणि दूरच्या भिंतीवर फक्त १५ कि.ग्रॅ. येतात. वाकविणारे परिबल १५ × २.७५ = सुमारे ४१.

कोठे २१६ आणि कोठे ४१! पेटी तीच, पाणी तेच, कड्याही त्याच. जागा आणि दिशा बदलताच कडीचा त्रास पाचव्या हिश्शावर आला. म्हणून "जमीन पेलेल का?" ह्या प्रश्नाआधी "पेटी कोठे ठेवणार आणि कड्या कोणत्या दिशेने आहेत?" हा प्रश्न विचारावा. खालच्या खोलीत उभे राहून वर पाहिले की कड्यांची दिशा दिसते.

भिंतीजवळही डोळे उघडे हवेत

वरील हिशेबात एक गोष्ट आपण गृहीत धरली : कडीचे भिंतीत शिरलेले टोक धड आहे. जुन्या घरात नेमके हेच टोक सर्वांत आधी खराब होते. भिंतीतील ओल तेथे टिकून राहते. लाकूड कुजते आणि वाळवीला वाट मिळते. सागवान टिकाऊ खरे. पण तेही अमर नाही. टोकाजवळ ठोकून पाहावे. भरीव लाकडाचा आवाज टणक येतो, पोखरलेल्याचा पोकळ येतो. टोचा लाकडात सहज रुतला, भिंतीवर वाळवीची मातीची नळी दिसली किंवा कडीला झोळ आलेला दिसला, तर पेटी माडीवर चढवू नये. जाणत्या सुताराला किंवा स्थापत्य अभियंत्याला बोलवावे.

काळाचाही विचार हवा. लग्नघरी माडीवर माणसांची दाटी होते, पण ती रात्री पांगते. पेटी वर्षानुवर्षे तेथेच असते. सतत ओझे वाहणारे लाकूड हळूहळू अधिकाधिक वाकत जाते. जमीन कलली की पाण्याची पातळी एका बाजूला चढलेली दिसते. तीच आपली धोक्याची घंटा.

घोडीच्या चार पायांखाली जाड फळी घालावी म्हणजे भार पसरतो. उंच, अरुंद घोडी टाळावी. १९३८ साली सातपुड्याच्या परिसरात भूकंप झाला होता. धक्क्याने पेटीतील पाणी हिंदकळते व उंच घोडी उलटू शकते.

स्लॅबच्या घरात काळजी पुष्कळ कमी. सलग स्लॅब भार आजूबाजूला वाटून देतो. तरीही पेटी भिंतीजवळ, तुळईच्या वर ठेवणे चांगले. स्लॅबला भेगा असतील, गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्या असतील किंवा पेटी याहून मोठी असेल, तर अभियंत्याचा सल्ला घ्यावा. तळमजल्यावर, पक्क्या जमिनीवर पेटी ठेवता आली तर प्रश्नच मिटला.

करून पाहा

३० सें.मी. लांबीची लाकडी पट्टी दोन विटांवर आडवी ठेवा. मधोमध एक वजन ठेवून पट्टीचा मध्य किती खाली येतो ते मोजा. नंतर तेच वजन टोकापासून ३ सें.मी. अंतरावर ठेवा. मध्याचा बाक आता एक-तृतीयांशाहूनही कमी भरेल. मग पट्टी कडेवर उभी धरून मधोमध दाबून पाहा. सुतार कडी आडवी न टाकता उभी का टाकतो, हे लगेच उमगेल.

विचार करा

पेटीची लांबी, रुंदी व उंची तिन्ही दुप्पट केल्या, तर पाण्याचे वजन कितीपट होईल? आणि दर चौरस मीटरवरील भार कितीपट होईल?

(उत्तर : वजन आठपट, भार दुप्पट.)