गवाक्ष : जहाजाचें आणि थडग्याचें

संस्कृतांत खिडकीला ‘गवाक्ष’ असा एक शब्द आहे. त्याची फोड ‘गो’ आणि ‘अक्ष’ अशी होते. म्हणजे बैलाचा डोळा. मुलें हा समास पाठ करितात, परंतु खिडकीचा व बैलाच्या डोळ्याचा संबंध काय, असें क्वचितच कोणी विचारतो. संबंध आहे तो वाटोळेपणाचा. फ्रेंच लोकही भिंतींतील वाटोळ्या झरोक्यास आपल्या भाषेंत ‘बैलाचा डोळा’ असेंच म्हणतात, हें ऐकून विद्यार्थ्यांस मौज वाटेल. अशा झरोक्याचे दोन प्रकार आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. एक जहाजाच्या कुशींत असतो, दुसरा प्राचीन थडग्याच्या शिळेंत. इंग्रजींत दोहोंसही ‘पोर्टहोल’ हेंच नांव आहे. त्यांतील ‘पोर्ट’ हा शब्द ‘पोर्टा’, म्हणजे दरवाजा, ह्या लॅटिन शब्दापासून आला. दरवाजा म्हटला कीं दोन प्रश्न उभे राहतात : तो कोणासाठीं उघडावयाचा, आणि कोणासाठीं लावावयाचा?

प्रथम जहाज घेऊं. इ. स. १५०० च्या सुमारास युरोपांतील जहाजांवर जड तोफा चढूं लागल्या. त्या अगदीं वर ठेवल्या तर जहाज डोईजड होऊन कलंडण्याचें भय. म्हणून त्या खालीं, पाण्याच्या जवळ ठेवणें भाग पडलें. मग तोफेचें तोंड बाहेर काढावें कसें? त्यासाठीं जहाजाच्या कुशीस चौकोनी भोंकें पाडण्यांत आलीं, व प्रत्येकास वरून बिजागरीनें लटकणारें झांकण बसविण्यांत आलें. आमच्या मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें सागवानाची बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही लढाऊ नौका १८१७ सालीं पाण्यांत उतरली. ती आज इंग्लंडांत हार्टलपूल येथें जतन केलेली असून तिच्या कुशींत अशा खिडक्यांची रांग अजून पाहावयास मिळते.

परंतु भोंक जितकें सोयीचें तितकेंच धोक्याचें. १० ऑगस्ट १६२८ रोजीं स्वीडनच्या राजाची ‘वासा’ ही ६४ तोफांची नवी कोरी नौका स्टॉकहोमहून पहिल्या सफरीस निघाली. सलामीसाठीं तोफांच्या खिडक्या उघडलेल्या होत्या. ती एक मैलही गेली नसेल, तोंच वाऱ्याच्या झोतानें कलली, खालच्या रांगेंतील खिडक्यांतून पाणी आंत शिरलें, आणि किनाऱ्यावरील लोकांच्या डोळ्यांदेखत ती बुडाली. मूळ दोष बांधणीचा होता. नौका वरून जड झाली होती. पण पाण्यास वाट दिली ती उघड्या खिडक्यांनीं.

पुढें तोफा गेल्या, आणि खिडक्या उजेडासाठीं व हवेसाठीं राहिल्या. त्यांचा आकारही वाटोळा झाला, ह्यास कारण आहे. लाटांच्या माऱ्यानें जहाजाचा पत्रा सारखा ताणला व दाबला जातो. चौकोनी भोंकाच्या कोपऱ्यांत हा ताण एकवटतो व तेथून तडा जाण्याचा संभव असतो. वर्तुळास कोपराच नसल्यामुळें ताण सर्व कडेवर वाटला जातो. जाड कांच, धातूची भक्कम चौकट, आणि वादळांत आंतून लावावयाचें लोखंडी झांकण, असा ह्या खिडकीचा सरंजाम असतो.

सरंजाम आहे, पण वेळेवर वापरला नाहीं तर? पहिल्या महायुद्धांत ‘ब्रिटॅनिक’ नांवाचें प्रचंड जहाज जखमी शिपायांचें इस्पितळ म्हणून चालविलें जात होतें. ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर तें मुद्दाम अधिक बळकट केलेलें होतें. २१ नोव्हेंबर १९१६ रोजीं ग्रीसच्या केआ बेटाजवळ पाण्यांतील सुरुंगानें त्याच्या तळास भगदाड पडलें. रुग्णांच्या दालनांत हवा खेळावी म्हणून खालच्या मजल्यांवरील पुष्कळ गोल खिडक्या उघडलेल्या होत्या. जहाज कलतांच त्यांतूनही पाणी आंत आलें, आणि पंचावन्न मिनिटांत तें तळास गेलें. हजारावर माणसें वांचलीं, तीस प्राणांस मुकलीं. ज्यांनीं खिडक्या उघडल्या त्यांचा हेतु रुग्णसेवेचा होता. पण समुद्र हेतु पाहत नाहीं.

जहाजाची खिडकी जिवंत माणसांसाठीं. परंतु मृतांच्या दगडी पेटीस भोंक कशासाठीं? कर्नाटकांतील चित्रदुर्ग जिल्ह्यांत ब्रह्मगिरि येथें १९४७ सालीं मॉर्टिमर व्हीलर ह्यांनीं उत्खनन केलें. तेथील लोहयुगांतील थडगीं म्हणजे उभ्या शिळांच्या पेट्या असून त्यांवर एक मोठी शिळा झांकलेली असे. पूर्वेकडील शिळेस वाटोळें भोंक होतें. आंत मडकीं, लोखंडी हत्यारें आणि एकाहून अधिक माणसांच्या अस्थि सांपडल्या. कोप्पळ जिल्ह्यांतील हिरे बेनकल येथें तर टेकडीवर अशा शिळागृहांची जणू वसाहतच आहे. तिकडे दूर, काळ्या समुद्राकांठच्या कॉकेशस पर्वतांतही दर्शनी शिळेस वाटोळें भोंक असलेलीं असंख्य थडगीं असून कांहीं ठिकाणीं भोंकांत बसणारा दगडी गुडदाही मिळाला आहे.

ह्या भोंकांविषयीं लोकांनीं काय तर्क केला पाहा. हिरे बेनकलच्या आसपास अशी कथा आहे कीं, हीं ठेंगण्या लोकांचीं घरें होत. कॉकेशसांतील अदिघे लोकही सांगतात कीं, राक्षसांनीं खुज्या माणसांसाठीं हीं घरें बांधलीं. दार लहान, म्हणून राहणारा लहान! दोन्ही ठिकाणीं तर्क एकच, आणि दोन्ही ठिकाणीं चुकीचा. कारण आंत अस्थि आहेत त्या तुमच्याआमच्यासारख्या माणसांच्या.

विद्वानांचेही तर्क आहेत. कोणी म्हणतात, ही आत्म्याची वाट. कोणी म्हणतात, येथून मृतांस अन्नपाणी देत. कोणी म्हणतात, कुटुंबांतील पुढील मृतांच्या अस्थि येथून आंत ठेवीत. आत्म्याविषयींची कल्पना दगडावरून सिद्ध करितां येत नाहीं. परंतु वरची जड शिळा न हलवितां आंत हात पोंचावा, आणि काम झाल्यावर भोंक बंद करितां यावें, इतकें दगड स्वतः सांगतो. एका पेटींत अनेकांच्या अस्थि आहेत, त्यांचीही साक्ष तीच आहे. ख्रिस्ती वाचकास येथें पुनरुत्थानाच्या पहांटे बाजूस लोटलेली धोंड आठवेल. पण आपली श्रद्धा आपण त्या लोकांच्या तोंडीं घालूं नये. त्यांनीं आपल्या माणसांस निरोप दिला, तरी त्यांच्याकडे जाण्याची वाट ठेविली, एवढें म्हणणें पुरे.

ह्या वर्षीं शाळा सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस आमचें इतकेंच सांगणें आहे. मनाची खिडकी उघडण्यास शाळेनें तुम्हांस शिकविलें. ती लावावयाची वेळ ओळखणें ह्यापुढें तुमच्याकडे आहे, कारण जहाज कलल्यावर झांकणाकडे धांवून उपयोग नसतो. मात्र जीं माणसें तुम्ही मागें ठेवून जाल, त्यांच्या बाजूची एक लहानशी वाट मोकळी राहूं द्या. ज्यांना लिहितां येत नव्हतें, त्यांनींही ती दगडांत कोरून ठेविली होती.