चेहऱ्याला ऊब द्यायची की गारवा?

गॅदरिंग झालं की दोन दिवसांत हॉस्टेलच्या ग्रुपवर फोटोंचा पूर येतो, आणि त्यात दोन पार्ट्या लगेच ओळखू येतात. एक पिवळी पार्टी. यांचे फोटो बघून वाटतं की अख्खं कॉलेज आमरसात बुडवून काढलंय! दुसरी निळी पार्टी. यांच्या फोटोत भर मे महिन्यातसुद्धा सगळे काश्मीरहून नुकतेच उतरल्यासारखे दिसतात. फोटोचं अ‍ॅप उघडायचं, 'टेंपरेचर' नावाचा स्लायडर एका बाजूला ढकलायचा, आणि झालं एडिटिंग. पण चेहऱ्याच्या फोटोत हा स्लायडर फार मोठं काम करतो, म्हणून त्याच्याबद्दल जरा नीट लिहावंसं वाटलं.

ज्यांनी शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षा दिल्यात त्यांना उष्ण रंग आणि शीत रंग आठवत असतील. लाल, केशरी, पिवळा हे उष्ण; निळा आणि त्याच्या जवळपासचे ते शीत. ही झाली चित्रकाराची भाषा. फिजिक्सवाले मात्र नेमकं उलटं बोलतात. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आधी लाल होतं, मग केशरी, मग पांढरट. म्हणजे जितकं तापमान जास्त तितका प्रकाश निळ्याकडे सरकणार. प्रकाशाच्या रंगाचं तापमान केल्विनमध्ये मोजतात ते यावरूनच. मेणबत्ती साधारण १९०० केल्विन, जुना तारेचा बल्ब २७०० ते २८००, दुपारचं ऊन ५५०० च्या आसपास, ढगाळ आभाळ ६५००, आणि निळ्या आकाशाखालची मोकळी सावली ७००० च्याही पुढे. एलईडीच्या खोक्यावर हेच आकडे छापलेले असतात, पुढच्या वेळी दुकानात बघा.

आता गंमत. सॉफ्टवेअरमध्ये आकडा वाढवला तर फोटो निळा व्हायला हवा ना? होतो पिवळा! कारण आपण सॉफ्टवेअरला सांगत असतो, "बाबा रे, हा फोटो ८००० केल्विनच्या निळ्या प्रकाशात काढलाय." ते बिचारं तो निळेपणा मारण्यासाठी पिवळा ओततं. म्हणजे तो आकडा फोटोचा नाहीच, तो फोटो काढतानाच्या उजेडाचा आहे. एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

अजून एक गोष्ट खास आपल्यासारख्या आकडेमोड आवडणाऱ्यांसाठी. ३००० वरून ३५०० वर गेलं की चेहरा एकदम बदलतो, पण ६५०० वरून ७००० वर गेलं तर फारसं काही कळत नाही. दोन्हीकडे फरक ५०० चाच! म्हणून फोटोग्राफीत मायरेड नावाचं माप वापरतात. दहा लाखाला केल्विनने भागायचं. ३००० चे ३३३ आणि ३५०० चे २८६, फरक ४७. ६५०० चे १५४ आणि ७००० चे १४३, फरक फक्त ११. डोळ्याला जाणवतो तो हा फरक.

स्लायडरला हात लावण्याआधी मात्र ठरवा की आपण उजेडाचा दोष काढतोय की फोटोला मूड देतोय. ही दोन वेगळी कामं आहेत आणि याच क्रमाने करायची असतात. दोष काढायला फोटोत एखादी रंग नसलेली, करडी वस्तू लागते. फोटोग्राफर लोक ग्रे कार्ड घेऊन फिरतात. आपण काय करतो? ड्रॉपर उचलतो आणि पांढऱ्या शर्टवर ठेवतो. पण आपल्याकडचा पांढरा शर्ट पांढरा असतो कुठे? त्याला घरी नीळ दिलेली असते, आणि साबणाच्या पावडरीत उजळपणासाठी जे रसायन असतं ते अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतं. सॉफ्टवेअर त्या निळेपणाला 'पांढरा' समजतं, फोटोत पिवळा वाढवतं, आणि कावीळ होते शर्टवाल्याला. दातांवरही ड्रॉपर ठेवू नका. स्टीलचं ताट तर अजिबात नको, ते आजूबाजूचे सगळे रंग परत फेकतं.

काहीच नसेल तर चेहराच तपासायचा. त्वचेतलं मेलॅनिन निळा प्रकाश जास्त शोषतं आणि लाल कमी, शिवाय आतलं रक्त लालीत भर घालतं. त्यामुळे साध्या उजेडात माणूस सावळा असो की गोरा, चेहऱ्याच्या पिक्सेलमध्ये लाल सर्वांत जास्त, मग हिरवा, मग निळा असाच क्रम सापडतो. आपल्याकडच्या बहुतेक चेहऱ्यांवर निळा चांगलाच खाली असतो. गालावर ड्रॉपर ठेवल्यावर निळा हिरव्याच्या जवळ आला असेल तर समजा, गारवा जास्त झाला. चमकणाऱ्या कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर मात्र तपासू नका. तिथे त्वचेचा नाही, दिव्याचा रंग येतो.

आणि इथेच मला जे खरं बोलायचंय ते येतं. आपल्याकडे 'कूल टोन' बऱ्याच वेळा मूडसाठी वापरत नाहीत, गोरं करण्यासाठी वापरतात. पिवळा काढला, ब्राइटनेस वाढवला की झालं. "जरा उजळ कर ना यार" असं म्हणणारे हॉस्टेलमध्ये प्रत्येक मजल्यावर आहेत. पण सावळ्या चेहऱ्यातून ऊब काढली की तो गोरा होत नाही, राखाडी होतो. पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा.

माझ्या रूममेटच्या ताईचं लग्न ठरवायचं चाललं होतं. बायोडेटासाठी तिने गावातल्या एका स्टुडिओत फोटो काढला. फोटो घरी आला तेव्हा आजीने चष्मा लावून बघितला आणि विचारलं, "ही कोणाची मुलगी?" आजी टोमणा मारत नव्हती, तिने खरंच ओळखलं नव्हतं! रूममेटने मूळ फाइल मागवून घेतली आणि आम्ही दोघं रात्री बसलो. मूळ फोटो चांगलाच होता, खिडकीजवळचा. आम्ही पिवळा होता तिथे परत आणला, ब्राइटनेस चेहऱ्याऐवजी मागच्या भिंतीचा थोडा कमी केला, आणि डोळ्यांखालच्या सावल्या किंचित उचलल्या. चेहरा आपोआप उठून दिसला. काकांचं म्हणणं स्टुडिओवालाच पाठवू. ताई म्हणाली, "बघायला आल्यावर ते माझ्याकडे बघणार की फोटोकडे?" दुसराच फोटो गेला.

हा प्रकार फक्त आपल्या स्टुडिओंचा नाही बरं का. कोडॅक कंपनी रंगीत प्रिंट काढणाऱ्या लॅबना रंग जुळवायला एक कार्ड देत असे. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असायचा आणि त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिचा चेहरा बरोबर आला की मशीन बरोबर. बाकीच्यांचे चेहरे त्या हिशोबात धरलेच नव्हते. तपकिरी छटा नीट येत नाहीत अशी तक्रार फर्निचर आणि चॉकलेट बनवणाऱ्यांनीही केली होती, आणि फिल्म सुधारण्यात त्या तक्रारींचा वाटा होता असं सांगतात. म्हणजे माणसांआधी चॉकलेटची दखल! वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रियांचं कार्ड यायला १९९० चं दशक उजाडलं. गूगलने २०२१ मध्ये पिक्सेल ६ फोनबरोबर 'रियल टोन' आणलं, आणि २०२२ मध्ये हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची त्वचा-पट्टी वापरायला घेतली. इतक्या उशिरा का होईना, मशीनला आपला रंग कळायला लागलाय. आपल्या बोटाला कधी कळणार?

असो. आता मूडबद्दल. गणपतीच्या आरतीचा फोटो असेल तर पिवळेपणा पूर्ण धुऊन काढू नका. निरांजनाचा उजेड असतोच केशरी, तो 'बरोबर' केला तर आरती ट्यूबलाइटखाली झाल्यासारखी वाटते. अर्धाच दोष काढा, अर्धा राहू द्या. शिकायचं असेल तर सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' बघा. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे, १९४५-४६ चं, जलरंगातलं. सावंतवाडीत जन्मलेल्या या चित्रकाराने आपल्या मुलीला मॉडेल म्हणून उभं केलं होतं. हातातल्या दिव्याचा उजेड बोटांमधून आरपार येतोय असं वाटतं. ऊब फक्त दिव्याजवळ आहे, लांब जाल तशी विझत जाते. आपण मात्र स्लायडरने सगळ्या फोटोवर सारखीच ऊब फासतो.

हळदीच्या फोटोत उलटं करायचं. तिथे आधीच सगळं पिवळं, त्यात वॉर्म टोन दिला की हळद कुठली आणि गाल कुठला तेच कळत नाही. थोडं गार केलं की हळद हळदीसारखी दिसते आणि त्वचा वेगळी होते.

पावसाळ्यात सिंहगडावर काढलेले फोटो म्हणजे तिसरंच प्रकरण. ढगांमुळे थोडे निळसर, आणि हिरव्या गवतावरून परत आलेल्या उजेडामुळे हनुवटीखाली हिरवट. टेंपरेचर कितीही हलवा, हिरवा जात नाही, कारण तो दुसऱ्या स्लायडरचा विषय आहे. त्याचं नाव 'टिंट'. थोडा जांभळट बाजूला सरकवा आणि मग ऊब बघा. जुन्या ट्यूबलाइटखालच्या फोटोंनाही हेच औषध. मंडपाच्या निळ्या ताडपत्रीखाली तर माझा सल्ला असा, की माणसाला दोन पावलं बाहेर ओढा.

गारवा कधी शोभतो? पहाटेचं धुकं, पावसातली खिडकी, विचारात पडलेला माणूस. पण तेव्हासुद्धा मी मागचं दृश्य गार करतो आणि मास्क लावून चेहऱ्यावर थोडी ऊब ठेवतो. चेहरा पुढे येतो आणि माणूस आजारी दिसत नाही. स्नॅपसीडसारख्या फुकटच्या अ‍ॅपमध्येही हे जमतं. शक्य असेल तर रॉ फाइल घ्या. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. रंग जास्त ओढला की फरक दिसतोच. कमी दाबाच्या सोडियमच्या पिवळ्या पथदिव्याखालचा फोटो मात्र रॉ असूनही वाचत नाही. तो दिवा जवळजवळ एकाच तरंगलांबीचा, ५८९ नॅनोमीटरचा. बाकीचे रंग आलेच नाहीत तर आणणार कुठून? सरळ ब्लॅक अँड व्हाइट करा.

शेवटचं, रात्री दोन वाजता एडिटिंग करणाऱ्यांसाठी. लॅपटॉपचा नाइट मोड आधी बंद करा. त्यात स्क्रीन पिवळी असते, म्हणून आपण फोटो निळा करत जातो, आणि सकाळी सगळे गोठलेले दिसतात. नाइट मोड नसला तरी डोळा फसतोच. २०१५ च्या फेब्रुवारीत एका ड्रेसच्या फोटोवरून जगभर भांडणं झाली होती, कोणाला तो पांढरा-सोनेरी दिसत होता, कोणाला निळा-काळा. ड्रेस निळा-काळाच होता. बघणारा मनात कोणता उजेड गृहीत धरतो त्यावर रंग बदलत होता. म्हणून दर दहा मिनिटांनी उठून गॅलरीत जा, झाडाकडे नाहीतर आकाशाकडे बघा, मग परत बसा. आणि फोटो छापायचा असेल तर पूर्ण पैसे देण्याआधी एक छोटी प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात, ज्याचा फोटो आहे त्याच्या चेहऱ्याशेजारी धरून बघा.