बदलते तंत्र आणि शिक्षकांचा संकोच

गौरवाचे लेख या स्मरणिकेत पुष्कळ असतील. म्हणून शिक्षक-कक्षात जो विषय दबक्या आवाजात बोलला जातो, तो आम्ही येथे मांडत आहोत.

भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या पहिल्या संगीतीत आनंदांनी धम्म सांगितला, उपालींनी विनय सांगितला आणि पुढे कित्येक शतके तो ठेवा भिक्खूंच्या मुखी राहिला. दीघनिकाय मुखोद्गत असणारे दीघभाणक, मज्झिमनिकायाचे मज्झिमभाणक, अशा त्यांच्या परंपराच होत्या. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, राजा वट्टगामणी अभयाच्या काळी, श्रीलंकेत त्रिपिटक लेखनबद्ध झाले. मातळेजवळचे आलुविहार हे ते स्थान, असे परंपरा मानते. दुष्काळात आणि युद्धात भाणकच उरले नाहीत तर धम्म कोण सांगणार, ही चिंता त्यामागे होती. पण पोथी आली म्हणून भाणकांना कोणी निरोप दिला नाही. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोष अट्ठकथा रचतात, तेव्हाही दीघभाणकांचे मत असे आणि मज्झिमभाणकांचे तसे, अशी नोंद ते करतात. वर्गात संगीतींचा इतिहास सांगताना हा तपशील आम्ही अनेकदा सांगितला आहे. तो आपल्यालाही लागू पडतो, हे मात्र उशिरा उमगले.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, दहावीचा भूगोलाचा पेपरही नंतर रद्द झाला, आणि आमचे वसतिगृह रिकामे झाले. तंत्रज्ञान तोवर शाळेत आलेले नव्हते असे नाही. विद्यार्थ्यांची माहिती ‘सरल’ प्रणालीत भरली जात होती, ‘दीक्षा’ ॲप आले होते, बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड छापले जात होते. परंतु ही कामे एका-दोघांवर सोपवून बाकीचे आम्ही निश्चिंत होतो. आता प्रत्येकाच्या हाती मोबाइल आला, आणि समोरचा वर्ग दिसेनासा झाला.

तरुणांना जमेल, ज्येष्ठांना जमणार नाही, असा आमचा समज होता. तो पुरता खरा ठरला नाही. दिवसभर मोबाइल हाताळणारे एक तरुण सहकारी कॅमेऱ्यासमोर उभे राहताच अडखळू लागले. उलट, आयुष्यात संगणकाला हात न लावलेल्या वसतिगृहाच्या अधीक्षिकांनी सर्व पालकांचे क्रमांक आपल्या वहीतून काढून गावनिहाय गट आठवडाभरात उभे केले. एकाच माणसाला एक काम सहज जमते, तर दुसऱ्याची धास्ती वाटते. वय त्यातले एक कारण, एवढेच.

आमचे गणिताचे ज्येष्ठ सर मात्र खरोखर अडले. पहिल्याच तासाला त्यांचा आवाज बंद राहिला. पंधरा मिनिटे ते त्रिकोणाचे प्रमेय समजावत होते आणि मुलांना काहीच ऐकू येत नव्हते. त्यावर आम्ही हसलो. त्या हसण्यात वाईट हेतू नव्हता, असे आम्ही तेव्हा स्वतःला सांगितले. पुढे कळले की त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून खिशात ठेवला होता. तीस वर्षे ज्या वर्गात आपला शब्द अखेरचा असे, तेथे आठवीच्या मुलाने ‘सर, माइक चालू करा’ म्हणावे, हे त्यांच्या जिव्हारी लागले होते. ती भीती यंत्राची नव्हती, विद्यार्थ्यांसमोर अज्ञानी ठरण्याची होती.

आमच्या प्रशिक्षणांनी ही भीती घालवली नाही, वाढवलीच. कोणीतरी पडद्यावर भराभर दाखवायचे, सर्वांनी माना डोलवायच्या, आणि नंतर ज्याने त्याने गुपचूप एखाद्या विद्यार्थ्याला गाठायचे! अखेर आम्ही पद्धत बदलली. दोन शिक्षक, एक संगणक, बाहेरचे कोणी नाही. शिकवणाऱ्याने माऊसला हात लावायचा नाही. कितीही वेळ लागो, तो शिकणाऱ्याच्याच हाती राहील. एका बैठकीत एकच काम, आणि तेही दुसऱ्या दिवशी वर्गात खरोखर लागणारे. हा साधा नियम पाळणे शिकवणाऱ्यालाच अधिक कठीण गेले, कारण हात आपोआप पुढे जातो.

दरम्यान सरांनी स्वतःची वाट काढली होती. बहुतेक मुलांच्या घरी साधा, बटणांचा मोबाइल होता, तोही वडील कामावर नेत. सर संध्याकाळी फोन करीत, दोन उदाहरणे सांगत, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर ऐकून मूल कुठे चुकले ते ओळखत. चित्रफितींचे दुवे आम्ही नियमाने पाठवत होतो. ते किती मुलांनी उघडले, हे विचारण्याचे धैर्य आम्हांला बराच काळ झाले नाही. सरांच्या यादीतले एकही मूल मात्र गणितापासून तुटले नाही.

तो अर्ज त्यांनी दिला नाही. आता ते फळ्यावर खडू आणि दोरीने वर्तुळ काढतात, आणि मागच्या बाकावरून तेच तरुण सहकारी ते चित्रित करतात. खडूचा आवाज काढून टाकावा, असे सहकाऱ्यांना वाटते. तो राहू द्यावा, असा सरांचा आग्रह आहे. हा वाद अद्याप मिटलेला नाही.