'मेटाफिजिकल' लिहिण्याआधी

चि. मुक्ता,

निबंधाचा मसुदा पोचला. त्यात जॉन डनची कविता पानोपानी 'मेटाफिजिकल' ठरते, पण म्हणजे नेमकी कशी, ते कुठेच कळत नाही. गूढ, अमूर्त, अवघड अशा कशालाही हे विशेषण चिकटवायची खोड इंग्रजीच्या भल्याभल्या विद्यार्थ्यांना असते.

शब्दाचं मूळ अगदी रुक्ष आहे. अ‍ॅरिस्टॉटल इ. स. पू. ३२२ मध्ये वारला. अस्तित्व म्हणजे काय, कारण म्हणजे काय, या विचाराला तो 'प्रथम तत्त्वज्ञान' म्हणे. 'मेटाफिजिक्स' हे नाव त्याचं नव्हेच. परंपरा सांगते की इ. स. पू. पहिल्या शतकात ऱ्होड्सच्या अँड्रोनिकसने त्याचं लेखन लावताना ही १४ पुस्तकं निसर्गविषयक ग्रंथांच्या मागे ठेवली. ग्रीकमध्ये 'मेटा' म्हणजे नंतर. 'फिजिक्स'नंतरची पुस्तकं, एवढंच! भाष्यकारांनी पुढे 'नंतर'चं 'पलीकडे' केलं आणि मांडणीतल्या जागेला गहन अर्थ चढला.

कवितेत हा शब्द आला तो टोमणा म्हणून. डन १६३१ मध्ये गेला. १६९३ मध्ये कवी ड्रायडनने तक्रार केली, की हा माणूस प्रेमकवितेतसुद्धा तत्त्वज्ञानाचा काथ्याकूट करून बायकांना गोंधळात पाडतो. १७७९ मध्ये कवी काउलीच्या चरित्रात समीक्षक डॉ. जॉन्सनने अशा कवींचा एक गटच केला आणि विजोड कल्पना बळेबळे एकत्र जुंपल्याचा ठपका ठेवला. १९२१ मध्ये ग्रिअर्सनने संपादित केलेला या कवींचा संग्रह निघाला, त्यावर कवी एलियटने लिहिलं आणि तोच शब्द मानाचा झाला: या कवींच्या ठायी विचार आणि भावना वेगळ्या नव्हत्या, असं त्याचं म्हणणं.

आता डनची कंपासची कविता घे. दोन जीव कंपासच्या दोन पायांसारखे; एक मध्यावर रोवलेला, दुसरा दूर फिरणारा, आणि तो दूर जाईल तसा पहिला त्याच्याकडे झुकतो. यात धुकं कुठे आहे? भूमितीच्या पेटीतली वस्तू आहे आणि वकिली काटेकोरपणाने केलेला युक्तिवाद आहे. 'मेटाफिजिकल'चा अर्थ 'अस्पष्ट' घेणाऱ्याने ही कविता नीट वाचलेलीच नसते.

मसुद्यातलं हे विशेषण प्रत्येक ठिकाणी खोडून वाक्य वाचून पाहा. अर्थ ढळला नाही, तर ते तिथे नकोच. ग्रिअर्सनचा संग्रहही मिळव, पण आधी कविता वाच, प्रस्तावना मागाहून.

तुझा मामा